काजूचे बोंड आणि गावची भट्टी

काजू म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पांढरा, बाकदार गर येतो. लाडवात दोन घातलेले, फराळाच्या ताटात जपून वाटलेले. पण ज्या डोंगरावर हा काजू पिकतो, तेथे त्याला एक भला थोरला जोडीदार असतो. तो आपल्या बाजारात फारसा दिसत नाही. तो म्हणजे काजूचे बोंड. दक्षिण कोकणात त्याला बोंडू म्हणतात. पिवळे किंवा तांबडे, रसाने टंच भरलेले, आणि वासावरून लांबूनच ओळखू येणारे असे हे फळ. एक किलो काजूच्या बिया गोळा करा, त्यांच्याबरोबर साधारण सहा ते दहा किलो बोंडे हाती येतात. बी वाळवून पोत्यात भरली की वर्षभर राहते, बोटीत बसून परदेशीही जाते. बोंड मात्र सकाळी पडले की संध्याकाळी मऊ होते आणि दुसऱ्या दिवशी आंबू लागते. मग या बोंडांचे करायचे काय? गोव्यातल्या खेड्यांनी या प्रश्नाला जे उत्तर शोधले त्याचे नाव फेणी. त्या उत्तराची आज ओळख करून घेऊ.

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. दारूची भलामण करण्यासाठी हे भाषण नाही. दारूने संसार कसे धुळीला मिळतात, हे खेड्यातल्या माणसाला, विशेषतः बायामाणसांना, कोणी शिकवायला नको. परंतु जी वस्तू शेकडो वर्षे एखाद्या प्रदेशाच्या शेतीशी, रानाशी, पाण्याशी आणि मजुरीशी बांधलेली आहे, तिचा धंदा समजून घेतला की त्या प्रदेशाचे सारे अर्थकारण समजते. ठाण्याच्या खाडीकाठी बाळकुम-कोलशेतकडे राहणाऱ्या वाचकाने काजूची राई कदाचित पाहिली नसेल. पण ताडी-माडी आणि मोहाची फुले त्याला ऐकून तरी माहीत असतातच. त्याला ही गोष्ट परकी वाटणार नाही.

आधी फळाची ओळख, म्हणजे शिक्षकांना वर्गात सांगता येईल. आपण जिला बी म्हणतो ते काजूचे खरे फळ आहे. बोंड म्हणजे त्या फळाचा फुगलेला देठ. म्हणूनच बी पोटात न राहता बाहेर लोंबकळत असते. बीच्या टरफलात एक जहाल तेल असते. ते कातडीला लागले की फोड येतात, म्हणून काजूची बी कच्ची फोडून तोंडात टाकू नये. बोंडात तसे तेल नाही, पण घशाला खवखव आणणारा तुरट अंश असतो. एरवी हे फळ गुणाचे आहे. क जीवनसत्त्व संत्र्याच्या चार-पाच पट असते, आणि रसात शंभराला सुमारे दहा-बारा भाग साखर असते. ही साखर पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ आहे, ती लक्षात असू द्या.

काजूचे झाड आपल्या मातीतले नाही. त्याचे माहेर ब्राझील देशाच्या ईशान्य किनाऱ्याला. तेथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला शब्द पोर्तुगिजांच्या तोंडी ‘काजू’ झाला आणि सोळाव्या शतकात झाडाबरोबर नावही आपल्याकडे आले. जांभ्या दगडाच्या उताराला, जेथे भात होत नाही आणि दुसरे फळझाड तग धरत नाही, तेथे हे झाड मजेत वाढते. मुळे पसरून मातीही धरून ठेवते. आज गोव्यात फळबागांच्या पिकांमध्ये सर्वांत जास्त जमीन काजूखाली आहे. सत्तरी, डिचोली, पेडणे, सांगे, केपे, काणकोण या तालुक्यांतले डोंगर मार्च ते मे या महिन्यांत बोंडांच्या वासाने भरून जातात.

गोव्यात गाळण्याची विद्या मात्र काजूच्या आधीपासून होती. माडाची सूर काढणाऱ्याला तिकडे रेंदेर म्हणतात. हे रेंदेर सूर आंबवून तिची दारू गाळत आणि आजही माडाची फेणी गोव्यात निघते. काजू आला तेव्हा लोकांना नवे फळ मिळाले, पण भट्टी, मडकी आणि हात जुनेच होते. परदेशी झाडाला देशी कारागिरी भेटली, असे म्हणायला हरकत नाही.

आता प्रत्यक्ष भट्टीवर जाऊ. पहिला नियम असा की झाडावरचे बोंड तोडायचे नाही. पुरते पिकून आपोआप खाली पडलेले तेवढेच घ्यायचे. सकाळी बाया-माणसे टोपल्या घेऊन राईत जातात. काठीच्या टोकाला खिळा ठोकलेला असतो. तो बोंडात रोवायचा आणि वाकल्याशिवाय बोंड टोपलीत टाकायचे. दिवसभरात शेकडो वेळा वाकायचे वाचते. मग सावलीत बसून बोंडाची बी पिळून वेगळी करतात. बी मालकाच्या पोत्यात जाते, बोंडे भट्टीकडे.

भट्टी बहुधा डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याजवळ असते. त्याची दोन कारणे. बोंडे फार लांब नेली तर वाटेतच खराब होतात, आणि गाळण्याला थंड पाणी लागते. जांभ्या खडकात कोरलेल्या किंवा दगडाने बांधलेल्या उथळ कुंडात बोंडे टाकून पायांनी तुडवतात. रस खालच्या भांड्यात उतरतो. उरलेल्या चोथ्याचा गोळा करून तो रानवेलीने आवळून बांधतात आणि त्याच्यावर जड दगड ठेवतात. रात्रभर थेंब थेंब रस झिरपतो. हा रस स्वच्छ, गोड आणि थंडगार असतो. त्याला नीरो म्हणतात. उन्हातून आलेल्या पाहुण्याला पहिल्यांदा नीरोच देतात. त्यात नशा नसते. आता पायांऐवजी यंत्राचे दाब अनेक ठिकाणी आले आहेत, पण क्रम हाच आहे.

तुडवलेला रस मोठ्या मडक्यांत भरतात. ही मडकी जमिनीत अर्धी पुरलेली असतात, म्हणजे बाहेर ऊन तापले तरी आतला रस फार तापत नाही. त्यात काहीही घालायचे नाही, ढवळायचे नाही. दोन-तीन दिवसांत रस आपोआप फसफसू लागतो. हे कोण करते? बोंडाच्या सालीवर, हवेत, मडक्याच्या अंगावर एक सूक्ष्म जीव असतो. त्याला यीस्ट म्हणतात. तो साखर खातो आणि तिचे दोन पदार्थ करतो. एक मद्यार्क, म्हणजे अल्कोहोल. दुसरा कार्बन डायऑक्साइड वायू. फेस येतो तो या वायूचा. हिशेब सोपा आहे. साखरेच्या वजनाचा साधारण अर्धा भाग मद्यार्क होतो आणि अर्धा वायू होऊन उडून जातो. शंभर भाग रसात दहा-बारा भाग साखर, म्हणजे आंबलेल्या रसात मद्यार्क पाच-सहा भाग. त्याच्या पुढे आंबवून जाता येत नाही, कारण साखरच संपते.

मग भट्टी पेटते. तांब्याच्या किंवा मातीच्या मोठ्या भांड्याला भाण म्हणतात. त्यात आंबलेला रस भरून खाली लाकडाचा जाळ करतात. तोंड बंद करून सांध्यांना चिखलमातीचा लेप देतात, म्हणजे वाफ निसटत नाही. मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसला उकळतो, पाणी १०० अंशांना. म्हणून आधी मद्यार्काची वाफ जास्त प्रमाणात वर येते. ती नळीतून दुसऱ्या भांड्यात जाते. त्या भांड्यावर माणूस सतत थंड पाणी ओततो आणि आतली वाफ निवून थेंब पडू लागतात. या पहिल्या धारेला उर्राक म्हणतात. तिच्यात शंभराला सुमारे पंधरा भाग मद्यार्क असतो. उर्राक टिकाऊ नाही. ती हंगामातच, दोन-तीन महिन्यांत संपते. उर्राक आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा भट्टीवर चढवली म्हणजे फेणी मिळते. तिच्यात मद्यार्क बेचाळीस-त्रेचाळीस भागांपर्यंत जातो आणि ती वर्षानुवर्षे टिकते.

फेणी हे नाव फेन, म्हणजे फेस, या शब्दावरून आले असे मानतात. बाटली हलवली की वर मण्यांसारखे बुडबुडे धरतात, आणि ते किती वेळ टिकतात यावरून जुना भट्टीवाला धार कितपत कडक आहे ते सांगतो. पुढे पोर्तुगीज अमदानीत तरंगते मापक आले, त्याच्या अंशांना ग्राव म्हणतात. पण जाळ किती ठेवायचा, पाणी केव्हा ओतायचे, धार केव्हा तोडायची, हे मापकावर लिहिलेले नसते. पहिली आणि शेवटची धार वेगळी काढावी लागते, कारण त्यांत नको ते अंश असतात. हे ज्ञान बापाकडून मुलाकडे येते.

इथे आपण जरा जपानकडे वळू. फेणीत काय विशेष आहे ते शेजारी दुसरा नमुना ठेवला की नीट दिसते. जपानी लोकांचे जुने पेय आहे साके. ते तांदळाचे करतात. आता गंमत पाहा. काजूच्या रसात साखर तयार असते. माडाच्या सुरीतही असते. पण तांदळात साखर नसते, पिष्ट असते. यीस्टला पिष्ट खाता येत नाही. मग आधी पिष्टाची साखर कोणी करायची? युरोपात जवाला मोड आणून हे काम साधतात, आणि बीअर होते. जपान्यांनी हे काम एका बुरशीकडून करून घेतले. तिचे नाव कोजी. तांदूळ कांडून, वरचा थर घासून टाकून, पाण्यात भिजवून वाफवतात. त्यातल्या काही भातावर उबदार खोलीत कोजीची पूड भुरभुरतात. सुमारे दोन दिवसांत भातावर पांढरी लव येते. मग हा भात, साधा वाफवलेला भात, पाणी आणि यीस्ट यांचा कालवा मोठ्या पिपात करतात, तोही एकदम न करता तीन हप्त्यांत. पिपात एकीकडे कोजी पिष्टाची साखर करते आणि दुसरीकडे यीस्ट त्या साखरेचा मद्यार्क करते. दोन कारखाने एकाच छपराखाली. तीन-चार आठवड्यांनी कापडातून गाळून साके मिळते. ती भट्टीवर चढवत नाहीत. बाटलीतल्या साकेत मद्यार्क पंधरा-सोळा भाग असतो, म्हणजे जवळपास आपल्या उर्राकेइतका. गाळलेली साके टिकावी म्हणून ती हलकेच तापवण्याची रीत जपानात सोळाव्या शतकापासून नोंदलेली आहे. युरोपात पाश्चर साहेबांनी यामागचे कारण शोधले ते एकोणिसाव्या शतकात.

साकेचे सर्वांत नावाजलेले ठिकाण म्हणजे नादा. कोबे आणि निशिनोमिया या शहरांच्या समुद्रकाठच्या पट्टीला हे नाव आहे. मागे रोक्को नावाचा डोंगर, पुढे समुद्र. डोंगरातून वेगाने उतरणाऱ्या ओढ्यांवर पाणचक्क्या बसवून तिथे तांदूळ कांडत. समुद्रातून गलबते पिंपे घेऊन एदो शहराला, म्हणजे आजच्या तोक्योला, जात. आणि तिथल्या पाण्याची एक गोष्ट शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावी. यामामुरा ताझाएमोन नावाच्या एका साकेवाल्याचे दोन कारखाने होते, एक उओझाकीला आणि एक निशिनोमियाला. निशिनोमियाची साके दर वर्षी सरस उतरे. का, हे कळेना. त्याने दोन्हीकडे एकच तांदूळ वापरून पाहिला. फरक तसाच राहिला. कारागिरांची अदलाबदल केली. तरी फरक राहिला. शेवटी निशिनोमियाच्या विहिरीचे पाणी उओझाकीला नेले, तेव्हा तिथली साकेही सरस झाली. हे साल १८४०. त्या पाण्याला मियामिझू म्हणतात. त्यात लोह फार कमी आणि यीस्टला लागणारी खनिजे भरपूर, हे रसायनशास्त्राने पुढे दाखवले. पण एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची, ही शास्त्राची रीत त्या व्यापाऱ्याने आपल्या अनुभवातूनच वापरली होती.

नादाचे कारागीर नादाचे नसत. मागच्या ताम्बा नावाच्या डोंगराळ मुलखातले शेतकरी हिवाळ्यात शेतीला काम नसे तेव्हा टोळीने खाली उतरत. टोळीच्या मुख्याला तोजी म्हणतात. थंडीचे महिने साके करायची आणि पेरणीला घरी परतायचे. गोव्यातही धंद्याचे वेळापत्रक असेच शेतीच्या पोटात बसलेले आहे. भात निघून गेलेले असते, शेते कोरडी पडलेली असतात, पावसाला अजून अवकाश असतो. त्याच मार्च ते मे या काळात काजू पडतो आणि भट्टी पेटते. पहिला पाऊस आला की बोंड पाणचट होते आणि माणसे नांगराकडे वळतात. जपानात कामाची ऋतु थंडी, आपल्याकडे उन्हाळा. पण रिकाम्या हातांना काम देण्याचे तत्त्व एकच.

आता या सगळ्यातला महत्त्वाचा मुद्दा. बोंड दूर जाऊ शकत नाही हा त्याचा दोष आपण सुरुवातीला पाहिला. पण याच दोषामुळे हा धंदा गावात राहिला. हे पटवून घ्यायचे असेल तर मोहाच्या फुलांचे काय झाले ते पाहा. ही गोष्ट आपल्या ठाणे जिल्ह्याची आहे.

मोहाचे फूलही साखरेने भरलेले असते. तेही चैत्राच्या सुमारास पहाटे आपोआप गळते आणि रानातली माणसे ते वेचतात. पण मोहाचे फूल वाळते. मनुकेसारखे वाळवून कणगीत भरले की महिनोन्‌महिने टिकते. आदिवासी कुटुंबाला ते उपासमारीच्या दिवसांत अन्नही होते. आणि जे टिकते ते गाडीत घालून कोठेही नेता येते. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारीचा नवा कायदा झाला. त्यानंतर सरकारने गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करून गाळप मोठ्या ठिकाणी एकत्र आणण्याचे धोरण धरले, कारण एका जागी कर वसूल करणे सोपे. उरणच्या भट्ट्या मोठ्या झाल्या. तेथे गुजरातेकडून आगगाडीने मोह येऊ लागला. आणि ठाणे-कुलाब्याच्या रानात, ज्याच्या दारात मोहाचे झाड त्याने मात्र आपल्या भट्टीत काही गाळायचे नाही. तो गुपचूप गाळील म्हणून १८९२ साली खास ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचाच कायदा करण्यात आला. फुले वेचणे, बाळगणे आणि नेणे-आणणे यांवर परवान्याचे बंधन आले. विचार करा मंडळी, झाडावरून गळलेले फूल उचलणे हासुद्धा परवान्याचा विषय झाला. मोहफुलांवरची बंधने पुढे फार काळ राहिली. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली ती पुष्कळ सैल केली.

असे फक्त आपल्याकडेच झाले असेही नाही. जपानात साकेवरचा कर १९०० च्या सुमारास सरकारच्या कर-उत्पन्नाचा जवळजवळ तिसरा हिस्सा झाला होता. तो बुडू नये म्हणून १८९९ साली शेतकऱ्याने घरापुरती साके करणेही तिथे बेकायदा ठरले. सरकार कोणतेही असो, दारूकडे ते आधी तिजोरीच्या नजरेने पाहते आणि त्यात लहान माणसाची भट्टी पहिल्यांदा विझते.

काजूच्या बोंडाच्या बाबतीत हे सहज साधण्यासारखे नव्हते. एका मोठ्या कारखान्यात सगळ्या गोव्याची बोंडे आणायची म्हटली तर निम्मी वाटेतच नासतील. म्हणून सरकारलाही भट्टी डोंगराच्या पायथ्याशीच ठेवावी लागली. कर वसूल करण्यासाठी विभाग पाडायचे आणि त्या त्या विभागातली बोंडे गाळण्याचा हक्क लिलावाने द्यायचा, अशी रीत तिथे रुजली. या रीतीतही लहान माणसावर अन्याय होऊ शकतो, बोली लावणारा धनिक असतो आणि बोंडे वेचणारी बाई मजूरच राहते. पण काम गावात राहते, कसब गावात राहते, आणि मजुरीही गावातच खर्च होते.

आता गोव्याची हद्द ओलांडून अलीकडे सिंधुदुर्ग जिल्ह्यात या. दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ले. डोंगर तोच, जांभा तोच, पाऊस तोच. काजू तर अधिकच नेटका. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ यांसारख्या जाती साऱ्या कोकणात आणि पलीकडे आजरा-चंदगडपर्यंत गेल्या. १९९० पासून रोजगार हमीतून फळबागा लावायला मदत मिळू लागली आणि उघड्या टेकड्या काजूने झाकल्या. बी चांगल्या भावाने जाते तेव्हा शेतकऱ्याच्या हाती चार पैसे येतात. पण बोंडे? सीमेजवळच्या काही गावांतली गोव्याच्या भट्ट्यांकडे जातात. बाकीची बहुतेक झाडाखाली सडतात किंवा खड्ड्यात जातात. कारण महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गावच्या भट्टीला जागा नाही. ओढ्याच्या एका काठाला जे बोंड मोलाचे, तेच दुसऱ्या काठाला कचरा. बीच्या सहा ते दहा पट वजनाचे फळ दर वर्षी असे वाया जाते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा प्रश्न लहान नाही.

यावर कोणी म्हणेल, मग इकडेही भट्ट्यांना मोकळीक द्या. कोणी म्हणेल, नको, आहे तेवढी दारू पुरे. दोन्ही बाजूंना वजन आहे. महाराष्ट्रात बायकांनी मतदान करून गावची दारूची दुकाने बंद करायची सोय आहे आणि ‘आडवी बाटली’ हे चिन्ह अनेक गावांत निवडून आले आहे. त्या बायकांनी ते उगाच निवडलेले नाही. दुसरीकडे, जेथे उघड आणि तपासलेली भट्टी नाही, तेथे चोरटी भट्टी असतेच. चोरट्या धंद्यात विषारी मिथेनॉल मिसळले की काय होते, ते मुंबईत मालवणी भागात २०१५ साली दिसले. शंभरावर माणसे गेली. म्हणून मोकळीक द्यायची की नाही एवढ्यावर हा वाद थांबत नाही. काय गाळले जाते, कोण तपासतो आणि नफा कोणाच्या घरात जातो, हेही विचारले पाहिजे.

बोंडाला दारूखेरीजही वाटा आहेत, त्या आधी चोखाळता येतील. रसाचा तुरटपणा काढण्यासाठी त्यात तांदळाची पेज किंवा साबुदाण्याची खळ मिसळतात. तुरट अंश तिच्याबरोबर खाली बसतो आणि वरचा स्वच्छ रस सरबताला घेता येतो. बोंडाचा जाम होतो, पाकातल्या वड्या होतात, चोथा गुरांच्या खाण्यात किंवा खतात जातो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातून अशा पद्धतींची माहिती मिळू शकते. अडचण एकच, आणि ती जुनीच. बोंड थांबत नाही. म्हणून यंत्र, भांडी आणि माणसे बोंडाजवळ, गावातच हवीत. तालुक्याच्या ठिकाणी मोठा कारखाना काढून भागणार नाही. पाच-दहा गावांमागे एक लहान केंद्र, बचत गटाच्या किंवा सहकारी संस्थेच्या हाती, हाच त्याचा स्वभावधर्म आहे. गोव्याच्या भट्टीने एवढे तरी आपल्याला शिकवले.

फेणीला स्वतःचे नाव मिळायलाही वेळ लागला. वर्षानुवर्षे कायद्याच्या पुस्तकात ती ‘देशी दारू’ या सदरात होती, म्हणजे हलक्यात गणलेली. २००९ साली काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. गोव्यातल्या वस्तूंपैकी हे मानांकन मिळवणारी ती पहिली. मानांकनाचा अर्थ असा की ठरलेल्या प्रदेशात, ठरलेल्या रीतीने केली तरच तिला ते नाव लावता येईल. दुसरीकडे कोणी स्पिरिटात वास मिसळून तिला गोव्याची फेणी म्हणेल तर तो गुन्हा. २०१६ साली गोवा सरकारने तिला राज्याच्या वारशाचे पेय म्हणून मान्यता दिली. जपानचा मार्गही असाच गेला. निहोन्शू, म्हणजे जपानी साके, हे नाव २०१५ साली तिथल्या कायद्याने राखून ठेवले. २०२४ च्या डिसेंबरात युनेस्कोने कोजी वापरून मद्य करण्याची जपानी कारागिरी मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतली. त्या यादीत पेयाची बाटली गेलेली नाही, हाताचे कसब गेले आहे. १९९५ च्या जानेवारीत कोबेला मोठा भूकंप झाला तेव्हा नादाचे किती तरी जुने लाकडी कारखाने कोसळले. इमारती गेल्या, पण विहिरी आणि कारागीर उरले, म्हणून धंदा पुन्हा उभा राहिला.

कसब मात्र एकदा गेले की परत आणणे कठीण. गोव्यात आज भट्टीवर रात्र जागणारी तरुण मुले थोडी आहेत. उन्हात बोंडे वेचायला मजूर मिळत नाहीत. मडक्याची जागा प्लास्टिकच्या पिंपाने घेतली, खडकातल्या कुंडाची जागा यंत्राने. यांतले काही बदल सोयीचे आहेत आणि ते व्हावेतच. पण नावाला संरक्षण मिळाले आणि ज्याच्या हातून ते नाव झाले त्याला चार पैसे मिळाले नाहीत, तर मानांकनाचा कागद भिंतीवर राहील आणि भट्टी थंड होईल.

शेवटी शिक्षक बंधू-भगिनींसाठी दोन सोपे प्रयोग. पहिला असा: मुलांना साध्या भाताचा एक घास तोंडात घेऊन तो न गिळता दोन-तीन मिनिटे चावत राहायला सांगा. हळूहळू तो गोड लागू लागतो. लाळेने पिष्टाची साखर केली. कोजी पिपात हेच करते. प्राचीन जपानात कोजीच्या आधी तांदूळ चावून त्याचे पेय करीत, असे सांगतात, ते का जमत होते हे मुलांना लगेच कळेल. दुसरा: एका बाटलीत कोमट साखरपाणी आणि चमचाभर बेकरीचे यीस्ट घालून तोंडाला फुगा बांधा. तासाभरात फुगा उभा राहतो. मडक्यातल्या रसाला फेस का येतो, ते आता सांगावे लागणार नाही. आणि कोकणातल्या शाळांनी आणखी एक काम करावे. एप्रिलमध्ये एका काजूच्या झाडाखाली पडलेल्या बिया आणि बोंडे आठवडाभर वेगवेगळी तोलून वहीत मांडावी. आपल्या गावात किती फळ वाया जाते, हा आकडा गावच्या मुलांनी गावापुढे ठेवला तर ग्रामसभेत त्याचा विचार होईल. बोंड वाट पाहत नाही, म्हणून तो विचार मार्च उजाडण्यापूर्वीच व्हायला हवा.